ऐंशी वर्षांचं चक्र आणि माजघरातला चाळीस क्विंटल कापूस

प्रश्न : नमस्कार. आमची संग्रामपूर तालुक्यात अकरा एकर कोरडवाहू शेती आहे. माझे मिस्टर दोन वर्षांपासून रोज रात्री मोबाइलवर ‘इतिहासाचं चक्र’ सांगणारे व्हिडिओ पाहतात. त्यांचं म्हणणं, जग दर ऐंशी वर्षांनी उलटंपालटं होतं. १९४५ मध्ये ८० मिळवले की २०२५, म्हणून २०२७ च्या आत तिसरं महायुद्ध होणारच. २०२६ च्या पाडव्यापासूनचं संवत्सर ‘पराभव’ नावाचं, तेही त्यांनी त्यात जोडलंय. शिवाय कुण्या अमेरिकन शेतकऱ्याच्या जुन्या तक्त्याचा फोटो आहे, त्यात तेजी-मंदीची वर्षं दीडशे वर्षं आधीच लिहून ठेवली आहेत म्हणे. अमेरिकेच्या लढाईत वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, तसा पुन्हा येणार म्हणून चाळीस क्विंटल कापूस दिवाळीपासून माजघरात पडून आहे. खेडा खरेदीवाले ७,५०० ने मागतात, हे १५,००० शिवाय द्यायला तयार नाहीत. नणंदेच्या लग्नासाठी घेतलेल्या तीन लाखांचं व्याज शेकडा दोनने चालू आहे. आता दोन एकर विकून सोनं घ्यायचं डोक्यात आहे, आणि ४,९९९ रुपयांचा ‘चक्र अभ्यास’ कोर्सही लावायचा आहे. सासऱ्यांचा विश्वास भेंडवळच्या घटावर, यांचा मोबाइलवर, आणि मधात मी. इतिहास खरंच असा फिरतो का? यांना समजवायचं कसं?
– एक वाचक, जि. बुलढाणा

उत्तर : ताई, आधी कापसाचं पाहू. महायुद्ध कधी व्हायचं ते होवो, व्याज आजच्या आज चढतंय.

चाळीस क्विंटल, ७,५०० चा भाव, म्हणजे तीन लाख. कर्जही तेवढंच आहे, हे हिशोबाला सोयीचं पडतं. शेकडा दोन म्हणजे महिन्याला ६,००० रुपये, सहा महिन्यांना ३६,०००. वेचणीच्या वेळी कापसात ओल असते, घरात पडून ती उडते आणि वजन घटतं. घट चार टक्के धरा. चाळीसचे ३८ क्विंटल ४० किलो उरले. आता ३,३६,००० ला ३८.४ ने भागा, ८,७५० येतात. सहा महिने थांबून क्विंटलला ८,७५० मिळाले तर तुमची आज विकल्याएवढीच बरोबरी झाली, एक रुपयाही कमावला नाही. त्यात पिवळा पडलेल्या कापसाची कट्टी (भावातली कपात), उंदीर, बोंडअळी आणि घरभर सुटणारी खाज धरलेलीच नाही. ठिणगीची भीती वेगळीच.

सीसीआयचा (सरकारी कापूस महामंडळाचा) हमीभाव २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याला ८,११० होता. नोंदणी झालेली असेल आणि ओल आठ टक्क्यांच्या आत असेल (दिवाळीपासून घरात असलेल्या कापसाची बहुधा असते), तर पूर्ण भाव मिळतो. आठच्या वर दर टक्क्याला एक टक्का कापतात, बाराच्या वर घेतच नाहीत. चाळीस क्विंटलचे ३,२४,४०० होतात. म्हणजे खेडा खरेदीपेक्षा २४,४०० जास्त, आणि तेही कोणत्याही युद्धाची वाट न पाहता. सातबारा, आधार, बँक पासबुक घेऊन केंद्रावर चौकशी करा, हे काम याच आठवड्यात. सोयाबीन किंवा तूर असती तर बाजार समितीच्या तारण योजनेत ठेवून ७५ टक्के रक्कम ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी उचलता आली असती, मग थांबणं परवडलं असतं. माजघरातल्या कापसावर तशी सोय नाही.

आता चक्र.

तुमच्या मिस्टरांच्या डोक्यात चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या गेल्या आहेत, आणि प्रत्येकीचं गोत्र वेगळं आहे. ऐंशी वर्षांचं जे सांगतात ते मूळ अमेरिकेचं. विल्यम स्ट्रॉस आणि नील हाऊ या दोघांनी १९९० च्या दशकात मांडलं की समाजाचं एक आवर्तन माणसाच्या लांब आयुष्याएवढं, साधारण ८० ते ९० वर्षांचं असतं. त्याचे वीस-बावीस वर्षांचे चार टप्पे, आणि चौथा टप्पा संकटाचा. ज्या पिढीने मागचं संकट भोगलं ती संपली की लोक पुन्हा त्याच खड्ड्यात पडतात, असा त्यामागचा तर्क. तर्क ऐकायला गोड आहे. पुरावा मोजा : १७७६ अमेरिकेचं स्वातंत्र्य, १८६१ यादवी युद्ध, १९४१ ला अमेरिका महायुद्धात. अंतरं ८५ आणि ८०. बस, एका देशाची दोनच अंतरं. दोन वर्षांच्या पावसावरून कुणी मिरगाची तारीख ठरवेल का? बरं, यादवी युद्धाच्या वेळी त्यांच्या मांडणीतली चारपैकी एक पिढीच सापडेना, तेव्हा तो अपवाद म्हणून त्यांनीच सोडून दिला.

आणि मुदतीचं पहा. १९९७ साली या दोघांनी लिहिलं की संकट २००५ च्या आसपास सुरू होईल आणि २०२६ च्या सुमारास संपेल. पुढे हाऊंनी सुरुवात २००८ ला नेली आणि शेवट २०३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. आपल्याकडे पीककर्जाचं पुनर्गठन होतं, तसं भाकिताचंही होतं.

तुमच्या घरातला हिशोब तर याहून सैल आहे. १९४५ हे महायुद्ध संपल्याचं वर्ष. सुरू झाल्याचं घेतलं तर १९३९, म्हणजे २०१९. अमेरिका उतरली ते घेतलं तर २०२१. वर ‘चार-पाच वर्षं मागंपुढं’ आहेच. म्हणजे २०१४ ते २०३० अशी सतरा वर्षं या भाकिताला मोकळी. सतरा वर्षांत जगात कुठं ना कुठं मोठी लढाई होणार हे सांगायला चक्र कशाला लागतं? विसाव्या शतकातली कोणतीही सतरा वर्षं उचला, युद्धाशिवायची सापडणार नाहीत. मिस्टरांना फक्त एवढं विचारा : आता १९४५ मधून ८० वजा करा. १८६५, अमेरिकेचं यादवी युद्ध संपलं, जमलं. अजून ८० वजा करा. १७८५. त्या वर्षी जगाचं काय उलटंपालटं झालं ते त्यांनी सांगावं.

दुसरं, संवत्सर. हे आपल्या घरचं आहे, त्यामुळे जपून बोलू, पण हिशोबानेच बोलू. साठ संवत्सरं कुठून आली? गुरूला सूर्याभोवती फिरायला सुमारे बारा वर्षं लागतात, शनीला साडेएकोणतीस. गुरूचे पाच फेरे आणि शनीचे दोन, दोन्ही साठच्या जवळ येतात. नाव काढायची रीत सोपी आहे : शक घ्या, त्यात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल त्या क्रमांकाचं संवत्सर. २०२६ च्या पाडव्याला लागणारा शक १९४८; १९४८ अधिक १२ म्हणजे १९६०, भागून बाकी ४०, चाळिसावं पराभव. बरोबर आहे. पण उत्तर हिंदुस्थानात संवत्सर गुरूच्या मध्यम गतीवरून मोजतात. ते सौर वर्षापेक्षा चारेक दिवसांनी लहान पडतं, म्हणून साधारण ८५ वर्षांत एक नाव गाळावं लागतं. परिणाम असा की आपण ज्या वर्षाला पराभव म्हणतो, त्याच वर्षाला काशीच्या पंचांगात दुसरंच नाव असतं. जग एकच आहे. मग तापीच्या अलीकडे पराभव आणि गंगेकाठी तो का नाही?

ते म्हणतील, मागचं पराभव १९६६-६७ ला आलं, तेव्हा दुष्काळ पडला, रुपयाचं अवमूल्यन झालं. दोन्ही खरं. मग साठ वर्षांचं चक्र पावसावरच तपासू, कारण पावसाची नोंद आपल्याकडे दीडशे वर्षांची आहे आणि ती कुणाच्या मर्जीने बदलत नाही. देशाच्या सरासरी मोसमी पावसावरून ठरलेली ही ठळक दुष्काळी वर्षं : १८७७, १८९९, १९०१, १९०५, १९१८, १९२०, १९४१, १९५१. प्रत्येकात ६० मिळवा. १९३७, १९५९, १९६१, १९६५, १९७८, १९८०, २००१, २०११. या आठांत दुष्काळ एकच, १९६५. बाकीची बहुतेक सर्वसाधारण. आणि १९५९ अन् १९६१? दोन्ही वर्षी सरासरीहून खूपच जास्त पाऊस. १८९९ म्हणजे तो कुप्रसिद्ध छप्पन्नचा (विक्रम संवत १९५६ चा) दुष्काळ. चक्रावर विसंबून १९५९ ला कुणी कमी पाण्याची ज्वारी पेरली असती तर ती चिखलात सडली असती.

आता एक बारीक गोष्ट. देशात दुष्काळी वर्ष साधारण पाच-सहा वर्षांतून एकदा येतं. म्हणजे डोळे मिटून आठ वर्षांवर बोट ठेवलं तरी एक-दीड दुष्काळ हाती लागायचाच. साठीच्या चक्राने आठात एक दिला. चिठ्ठ्या टाकून मिळालं असतं तेवढंच. पण सांगणारा फक्त १९०५ आणि १९६५ सांगतो आणि ऐकणारा थक्क होतो. उरलेली सात वर्षं कुणी सांगत नाही, फसगत त्या न सांगण्यातच होते.

अशी जोडी सापडणं किती सोपं आहे तेही पहा. इतिहासातल्या दहा घटना एका कागदावर लिहा. दोन-दोनच्या जोड्या ४५ होतात, म्हणजे ४५ अंतरं. त्यांतली पाच-सहा एकमेकांना लागून येणारच. मग जे अंतर दोनदा आलं त्याला ‘चक्र’ म्हणायचं. शिवाजी महाराज गेले १६८०, पानिपत १७६१, अंतर ८१. झालं ऐंशीचं चक्र! पुढचा मणी १८४२ ला ओवायला जा, सुई रिकामी येते.

राजघराण्यांचंही असंच एक जुनं गणित आहे. इब्न खलदून या उत्तर आफ्रिकेतल्या इतिहासकाराने १३७७ मध्ये लिहिलं की घराणं तीन पिढ्या टिकतं, पिढीला चाळीस धरून १२० वर्षं. पहिली पिढी मिळवते, दुसरी राखते, तिसरी घालवते. नागपूरकर भोसल्यांना लावून पाहिलं तर बसतंसं वाटतं : रघूजींचा अंमल १७४३ च्या सुमारास नागपुरात बसला, १८५३ ला तिसरे रघूजी निपुत्रिक गेले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं, एकशे दहा वर्षं. पण अचलपूरची इमादशाही १४९० ते १५७४, चौऱ्याऐंशीच. निजामाचं घराणं १७२४ ते १९४८, दोनशे चोवीस. या तिन्हींनी वऱ्हाड-नागपूर भागावर राज्य केलं आणि तिघांची आयुष्यं तीन तऱ्हेची. तरी इब्न खलदूनचं एक मानायला हवं, त्याने कारण दिलं : वाळवंटातली टोळी एकदिलाने राज्य घेते, शहरात येऊन सुखावते, ती एकी सुटते. कारण दिलं की ते तपासता येतं. नुसत्या आकड्याचं तसं करता येत नाही.

यावरूनच त्या अमेरिकन शेतकऱ्याकडे येऊ. सॅम्युअल बेनर, ओहायोचा. १८७३ च्या मंदीत बुडाला, डुकरांच्या साथीनेही मार दिला, आणि १८७५ साली त्याने भावांचं पुस्तक काढलं. तुमच्याकडे फिरणाऱ्या तक्त्यातली घबराटीची ओळ पहा : १९२७, १९४५, १९६५, १९८१, १९९९, २०१९, २०३५. अंतरं १८, २०, १६, १८, २०, १६. सुतारकामाच्या पट्टीसारखी. खरी मोठी कोसळ १९२९ ची, तक्त्यात १९२७. २००८ ची त्या ओळीत नाहीच. १९६५ ला तसं काही झालं नाही. लोक २०१९ दाखवतात आणि पुढे करोनाचं २०२० जोडतात. एक वर्ष इकडे, दोन वर्षं तिकडे चालवून घेतलं की कोणतीही ओळ बऱ्यापैकी खरी दिसते.

पण बेनरच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती आणि ती तुम्हाला चांगली ठाऊक आहे. डुकरांचे भाव चढले की जो तो डुकरं वाढवतो, ती बाजारात यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, सगळ्यांची एकदम येतात आणि भाव पडतो. मग सगळे सोडतात आणि भाव पुन्हा चढतो. हे चक्र खरं आहे, कारण ते फिरवणारा हात दिसतो. आपल्या तुरीचं आठवा. २०१५ च्या शेवटी डाळ दोनशे रुपये किलोच्या घरात गेली. २०१६ च्या खरिपात जो तो तुरीकडे वळला, बोनससकट हमीभाव ५,०५० होता, पाऊसही बरा झाला. २०१७ उजाडता बाजारात हमीभावाच्या खाली खाली भाव गेला, खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा, आणि आत बारदाना संपलेला. ही कारणांची साखळी आहे : भाव, पेरा, आवक, पुन्हा भाव. पण याचीही तारीख पंचांगातून निघत नाही. मधेच सरकार आयात खुली करतं, पाऊस दगा देतो, आणि चक्र लवकर किंवा उशिरा वळतं. म्हणून पेऱ्याचे आकडे पहायचे, वर्षं मोजायची नाहीत.

हवामानवाल्यांनाही हा धडा महागात मिळालेला आहे. एल निनो दोन ते सात वर्षांनी येतो, त्यामागचं समुद्राचं कारणही समजलेलं आहे. तरी १९९७ चा जबर एल निनो असूनही देशात पाऊस सरासरीएवढा झाला. २००२ ला हवामान खात्याच्या सोळा घटकांच्या गणिताने सर्वसाधारण पाऊस सांगितला. प्रत्यक्षात १९ टक्के तूट आली, जुलै तर निम्म्यावर. इतकी मोजमापं हाताशी असून ही गत. मग नुसत्या वजाबाकीवर महायुद्ध?

तुम्ही विचारलंय समजवायचं कसं. वाद घालू नका, तो व्हिडिओवाला बोलण्यात तुमच्यापेक्षा तरबेज आहे. एक खेळ करा. फाट्यावर बस थांब्यापाशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या नंबरचा शेवटचा आकडा लिहायचा. समजा असे आले : ७ २ ९ ४ १ ० ३ ८ ८ ६ ५ १ ९ ७ २ ० ४. यात काही अर्थ नाही, कोणती गाडी कधी येईल याला नियम नाही. आता पहिल्या पाचांची बेरीज करा, २३. मग पहिला आकडा सोडून सहावा घ्या, १६. असंच सरकत जा. बेरजा येतात २३, १६, १७, १६, २०, २५, ३०, २८, २९, २८, २४, १९, २२. पोराच्या आलेखवहीत मांडा. खाली दरी, मधे डोंगर, पुन्हा उतार. बघणारा म्हणेल, वा, लाट आहे! लाट कुठून आली? शेजारच्या दोन बेरजांमध्ये पाचातले चार आकडे तेच असतात, म्हणून बेरीज एकदम उडी मारू शकत नाही, हळूहळू चढते, हळूहळू उतरते. ती गाड्यांमधून आलेली नाही, तुमच्या बेरजेने घडवलेली आहे. साठ-सत्तर आकडे घ्या आणि दहा-दहाची बेरीज करा, लाटा आणखी देखण्या येतील.

हे फक्त खेळापुरतं नाही. रशियाच्या कोंद्रातिएव्ह या अर्थतज्ज्ञाने १९२० च्या दशकात भावांच्या जुन्या आकड्यांवरून पन्नास-साठ वर्षांच्या लाटा दाखवल्या, त्या अजून व्हिडिओंतून फिरतात. आकडे गुळगुळीत करायला त्याने नऊ-नऊ वर्षांची सरकती सरासरी वापरली होती, आणि हाती पुरत्या तीन लाटाही नव्हत्या. त्याच्याच मॉस्कोच्या संस्थेत स्लुत्स्की नावाचा गणिती होता. त्याने १९२७ मध्ये सरकारी लॉटरीचे आकडे घेऊन अशाच सरकत्या बेरजा केल्या आणि व्यापारातल्या तेजी-मंदीसारखा हुबेहूब आलेख काढून दाखवला. लॉटरीतून! कोंद्रातिएव्हच्या लाटा खोट्याच आहेत असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण कागदावरची लाट दिसली म्हणजे तिच्यामागे चक्र आहे, हे तिथून पुढे कुणी म्हणू नये.

सगळेच चक्रवाले एका माळेचे नाहीत, हेही मिस्टरांना सांगा, म्हणजे तुम्ही एकतर्फी बोलताय असं वाटणार नाही. पीटर टर्चिन या संशोधकाने २०१० मध्ये लिहून ठेवलं होतं की २०२० च्या सुमारास अमेरिका आणि पश्चिम युरोपात राजकीय अशांतता वाढेल. बऱ्यापैकी तसं झालं. पण त्याने आधार म्हणून काय दिलं? मजुरी वाढत नाही, पदव्या घेतलेल्या महत्त्वाकांक्षी लोकांना पुरतील एवढ्या जागा नाहीत, सरकारचं कर्ज वाढतंय. प्रदेश सांगितला, काळ सांगितला, आधी छापलं. आणि त्यात कापसाच्या भावाचा एक शब्द नाही.

भावावरून आता खरी गाठ. धरून चाला की युद्ध झालंच. कापूस चढेल? १८६१ ला चढला कारण इंग्लंडच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा आणि नेमकी तीच बंदरं नाकेबंदीत अडकली. पुरवठा करणाराच लढाईत होता, म्हणून मुंबईमार्गे वऱ्हाड-खानदेशचा कापूस सोन्याच्या भावाने गेला. १८६५ ला लढाई थांबली, भाव आदळले, मुंबईचे शेअरवाले रस्त्यावर आले. १९१४ ला उलटं झालं : महायुद्ध सुरू होताच जहाजं थांबली, गिऱ्हाईक तुटलं, कापूस कोसळला आणि न्यूयॉर्कचा वायदे बाजार काही महिने बंदच ठेवावा लागला. म्हणजे ‘युद्ध होईल का’ हा अर्धाच प्रश्न झाला. कुणाचं बंदर बंद होईल, विकणाऱ्याचं की घेणाऱ्याचं? याचं उत्तर कोणत्याही चक्रात नाही. आणि जवळचं उदाहरण तर तुमच्या शिवारातच असेल. २०२१-२२ ला कापूस दहा-बारा हजारांवर गेला, पुढच्या हंगामात लोकांनी त्याच आशेने घरं भरली आणि शेवटी सात-आठ हजारांत काढला.

दोन एकरांबद्दल फार बोलत नाही. विकू नका. १९८० च्या जानेवारीत सोनं डॉलरमध्ये ज्या शिखरावर गेलं ते पुन्हा गाठायला २००८ उजाडलं, अठ्ठावीस वर्षं. सोनं विकून परत घेता येतं, बांधाला लागून असलेली जमीन तशी मिळत नाही. सातबाऱ्यावर तुमचं नाव लागलेलं नसेल तर तलाठ्याकडे जाऊन आजचा उतारा काढून ठेवा. जमीन वडिलोपार्जित असेल तर सासऱ्यांनाही या बोलण्यात घ्या.

सासऱ्यांच्या भेंडवळच्या घटाचं म्हणाल, तर शेतात अठरा धान्यांचं वर्तुळ, मधे चार महिन्यांच्या चार ढेकळांवर घट, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) संध्याकाळी मांडायचं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वाचायचं. त्यात भाकित किती अन् अंदाज किती हा वेगळा विषय. पण त्याचा एक गुण मोबाइलवाल्यात नाही : सांगितलेलं एका हंगामात खरं-खोटं होतं, सगळा तालुका ते लक्षात ठेवतो. हीच अट मिस्टरांच्या चक्राला लावा.

एक वही करा, चार रकाने आखा. कधी बोललो, काय होईल, कुठं आणि किती, कोणत्या तारखेपर्यंत. ‘मोठी उलथापालथ होईल’ असलं वाक्य वहीत घ्यायचं नाही. ‘३० एप्रिलपर्यंत खामगावच्या बाजारात कापूस १०,००० च्या वर’ असलं घ्यायचं. आणि लिहितानाच खाली नोंद करायची की भाव किती राहिला तर हे चुकलं धरायचं. ही शेवटची ओळ लिहायला ते खळखळ करतील, तिथे ढिलं सोडू नका. ज्याचा कोर्स घ्यायचा म्हणतात त्यालाही हीच वही मागा : तीन वर्षांपूर्वी तारखेनिशी टाकलेली सगळी भाकितं, चुकलेल्यांसकट. मिळाली तर ४,९९९ चा विचार करा. घडून गेल्यावर ‘बघा, मी म्हटलं होतं’ असे व्हिडिओ मोजायचे नाहीत.

मिस्टरांचा मानही राहिला पाहिजे. घरधन्याला चारचौघांत खोटं पाडून कापूस विकला तर पुढच्या वर्षी सोयाबीन कोठीत अडकेल. म्हणून चाळीसपैकी पस्तीस क्विंटल आता मोडा. ८,११० चा हमीभाव मिळाला तर २,८३,८५० येतील, त्यातून शेकडा दोनवालं कर्ज आधी उतरवा. पीककर्ज असेल तर मुदतीच्या आत भरा, नाहीतर पंजाबराव देशमुख योजनेची व्याज सवलत जाते. उरलेले पाच क्विंटल त्यांच्या चक्राचे. चढला तर त्यांचा शब्द खरा, पडला तर नुकसान पाच क्विंटलपुरतं. तो कापूस जमिनीवर ठेवू नका, खाली फळ्या टाका, भिंतीपासून हातभर लांब ठेवा, चुलीच्या आणि विजेच्या बोर्डाच्या बाजूला नको. आणि आखाजी झाली की भाव काहीही असो, जिनिंग बंद व्हायच्या आत तो काढायचा, हेही वहीत त्यांच्याच हाताने लिहून घ्या. मिरगाचा पहिला पाऊस पडला की कौलांखालचा कापूस दमट होतो आणि मग कोणी साडेसातलाही मागत नाही.